पेटीच्या पट्ट्यांमधले सूर आणि हौशी रचनाकार

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात संगीतावरचे भाषण म्हटले की नाट्यसंगीत, भावगीते किंवा एखाद्या थोर गवयाच्या आठवणी यांची अपेक्षा असते. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पेटीच्या बारा पट्ट्यांत न बसणारे सूर घेऊन जगभरात काही माणसे नवे संगीत रचत आहेत. इंग्रजीत त्याला मायक्रोटोनल संगीत म्हणतात. आपण सूक्ष्मस्वरांचे संगीत म्हणू. ही माणसे बहुतेक हौशी आहेत. कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी. ती आपल्या रचना एकमेकांना पाठवतात, ऐकतात आणि एकमेकांचा हुरूप वाढवतात. या हुरूप वाढवण्याबद्दल मला मुख्यतः बोलायचे आहे, कारण आपल्या घरांतल्या मुलांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

वडोदऱ्यात हा विषय परका मानायचे कारण नाही. मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ साली सुरू झाली. मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, आणि तिथे श्रुतींचा प्रश्न चांगलाच गाजला.

तो वाद कळण्यासाठी आधी थोडे गणित पाहू. षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या अंतराचे १२०० भाग कल्पिले, तर एका भागाला सेंट म्हणतात. ही मोजणी अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडिताने १८८५ साली रूढ केली. आजच्या पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर असतात, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. तिचा शुद्ध गंधार म्हणून ४०० वर येतो. आता तानपुरा नीट लावून खर्जाची तार छेडा. जरा वेळाने तिच्यातून एक गंधार आपोआप उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो ३८६ च्या आसपास असतो. म्हणजे पेटीचा गंधार चौदा सेंट चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा आहे, म्हणून तो कानाला टोचत नाही. गंधाराचा फरक मात्र तानपुऱ्याशेजारी बसून ऐकणाऱ्याला कळतो. आणि दरबारीतला आंदोलित कोमल गंधार तर कोणत्याच एका पट्टीवर सापडत नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा सारख्या लावायच्या, एक तशीच ठेवायची आणि दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवत जायची. त्या प्रयोगामागे सप्तकाच्या बावीस श्रुती आहेत: षड्जाला चार, ऋषभाला तीन, गंधाराला दोन, मध्यमाला चार, पंचमाला चार, धैवताला तीन आणि निषादाला दोन.

विसाव्या शतकाच्या आरंभी या बावीस श्रुतींचा पुन्हा शोध सुरू झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा गळा लाभला. ई. क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि १९१३ साली स्वतःचे पुस्तक काढले. दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. पंडित भातखंडे यांचे मत निराळे होते. प्रचारातले गाणे बारा स्वरांच्या पायावर नीट मांडता येते, आणि गवई प्रत्यक्षात जे गातो ते श्रुतींच्या आकड्यांत बांधून ठेवता येत नाही, असे ते मानत.

या मंडळींचे पेशे पाहा. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर, क्लेमंट्स आय.सी.एस. अधिकारी, भातखंडे वकील. पोटापाण्यासाठी गाणारा यांच्यात एकही नव्हता. आपल्या संगीतशास्त्रातला एवढा मोठा वाद हौशी माणसांनी चालवला. आपल्या काळातही ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली, आणि ते शिक्षणाने वैद्यकातले. तेव्हा ‘हौशी’ हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये.

त्या वादातून शास्त्र लिहिले गेले, वाद्येही बनली. पण एक गोष्ट फारशी घडली नाही. त्या नेमक्या श्रुतींसाठी मुद्दाम नव्या रचना करायच्या आणि त्या दहा जणांना ऐकवून पाहायच्या, हा प्रघात पडला नाही. कोणता सूर खरा यावर भांडणे झाली. त्या सुरातून नवीन काय निघते हे पाहणे मागे राहिले. पुढे १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली आणि ती तीसेक वर्षे टिकली. त्या काळात चर्चा पेटी हवी की नको इतकीच उरली.

आता परदेशातली तीन उदाहरणे सांगतो.

पहिले हॉलंडचे. आड्रियान फोकर हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. महायुद्धाच्या काळात त्यांचे लक्ष संगीताकडे वळले. सप्तकाचे एकतीस सारखे भाग करण्याची कल्पना त्यांच्याच देशातल्या ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात तपासली होती. एकतीस भागांत दहाव्या पायरीवर येणारा गंधार ३८७ सेंटवर पडतो, म्हणजे तानपुऱ्याच्या गंधाराला जवळजवळ चिकटून. फोकरांनी त्या मापाचा ऑर्गन बांधवला आणि १९५० साली तो हार्लेम गावच्या टेलर्स संग्रहालयात बसवला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतः टोपणनावाने रचना केल्या आणि दुसऱ्या संगीतकारांनाही त्या वाद्यासाठी लिहायला लावले. तो ऑर्गन आज ॲमस्टरडॅमच्या एका संगीतगृहात आहे आणि वाजतो आहे.

दुसरे जर्मनीचे. हाइन्झ बोलेन हे मायक्रोवेव्ह क्षेत्रातले इंजिनिअर. हॅम्बुर्गच्या संगीत विद्यालयात शिकणाऱ्या मित्रांच्या कार्यक्रमांचे ते ध्वनिमुद्रण करून देत. प्रत्येक संगीत सप्तकावरच का उभे असते, अशी शंका त्यांना आली. १९७२ च्या सुमारास त्यांनी असा स्वरसमूह मांडला की त्यात तार षड्जच नाही. मध्य षड्जापासून थेट तार पंचमापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याचे तेरा भाग करायचे. प्रत्येक भाग साधारण १४६ सेंटचा. कानाला तो पहिल्यांदा अगदी अनोळखी वाटतो, कारण घरी परतायची नेहमीची वाटच बंद झालेली असते. पुढे जॉन पिअर्स या अमेरिकन इंजिनिअरला तोच स्वरसमूह स्वतंत्रपणे सापडला. आज तो बोलेन-पिअर्स या नावाने ओळखला जातो, त्यासाठी खास क्लॅरिनेट बनल्या आणि २०१० साली बॉस्टनमध्ये त्यावर परिषदही झाली.

तिसरे अमेरिकेचे. आयव्होर डॅरेग यांच्याकडे ना पदवी होती ना पैसा. ते स्वतः वाद्ये बनवत, पत्रके काढत, टपालाने लोकांशी संबंध ठेवत. बारा सुरांपलीकडचे काही करू पाहणाऱ्याला उत्तर लिहिणे हे त्यांनी आपले कामच मानले. प्रत्येक स्वरविभागणीचा स्वतःचा एक स्वभाव असतो, हे त्यांचे आवडते प्रतिपादन. सतरा भागांचा स्वभाव वेगळा, एकोणीस भागांचा वेगळा. आपण रागाची प्रकृती म्हणतो, त्याच्या जवळचा हा विचार आहे.

डॅरेग यांचे टपाल आता क्षणात पोहोचते. हॉलंडच्या मान्युएल ऑप द कौल यांनी ‘स्काला’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली केली आणि तिच्यासोबत पाच हजारांहून अधिक स्वरसमूहांचा संग्रह जमवला. त्यातली प्रत्येक फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: एक ओळ वर्णनाची, एक ओळ सुरांच्या संख्येची, आणि पुढे प्रत्येक सुराचे माप. बावीस श्रुतींची मापे आठवीतला मुलगाही अशी टाइप करू शकेल. ‘सर्ज एक्सटी’सारख्या विनामूल्य सिंथेसायझरमध्ये ती फाइल उघडली की पडद्यावरची पेटी त्या सुरांत वाजू लागते. देवलांना जे वाद्य घडवायला वर्षे लागली, ते आज संध्याकाळच्या चहापर्यंत तयार होते.

पण साधन सोपे झाले म्हणून रचना होत नाहीत. ऐकणारा कोणी आहे, या भरवशावर त्या होतात. या हौशी मंडळींच्या काही चांगल्या सवयी आहेत. रचनेबरोबर स्वरसमूहाची फाइलही देतात, म्हणजे दुसऱ्याला त्याच सुरांत आपली रचना करून पाहता येते. कधी सगळे मिळून एकच स्वरसमूह निवडतात आणि प्रत्येक जण त्यात दोन-तीन मिनिटांचे काहीतरी करतो. अपुरी रचनाही दाखवायला संकोच करत नाहीत. आणि अभिप्राय देताना नुसते ‘छान’ म्हणण्यापेक्षा, कोणत्या ठिकाणी कान थबकला ते सांगतात.

आपल्या बैठकीत हेच नव्हते का? जाणकार श्रोता मैफल संपल्यावर टाळ्या वाजवून मोकळा होत नसे. समेवर मान हलत असे, नेमक्या जागेला ‘वा’ येत असे. गाणाऱ्याला कळे की ही जागा पोहोचली. त्यालाच आपण दाद म्हणतो. दाद ही त्या त्या जागेची असते, माणसाची सरसकट स्तुती नसते. आज मोबाइलवर आलेल्या गाण्याला आपण न ऐकताच अंगठा दाखवतो. बनवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

इथे दोन शंका येतील. पहिली अशी, की सूर वेगळा असणे आणि बेसूर असणे यात फरक काय? माझी कसोटी साधी आहे. रचना दुसऱ्यांदा ऐका. तो अनोळखी सूर पुन्हा त्याच जागी, त्याच मापाने आला, आणि त्याच्या मागेपुढे त्याला आधार देणारे सूर असले, तर तो हेतूने लावलेला आहे. प्रत्येक वेळी हुकत असेल तर तो बेसूर. पहिल्याच ऐकण्यात निकाल देऊ नये, एवढेच माझे म्हणणे. नव्या सुराला कान बसायला वेळ लागतो.

दुसरी शंका खरे म्हणजे अभिमान आहे: हे तर आमच्याकडे हजारो वर्षांपासून आहे, ते लोक आता शोधताहेत! यात अर्धेच सत्य आहे. परदेशी रचनाकार सप्तकाचे बावीस सारखे भाग करतात, तेव्हा प्रत्येक भाग साडेचौपन्न सेंटचा होतो. आपल्या श्रुती अशा सारख्या मापाच्या मानल्या जात नाहीत. देवलांच्या मापांतही लहानमोठी अंतरे आहेत. शिवाय आपला सूर मिंडेत आणि आंदोलनात जगतो, त्यांचा बहुधा आपल्या पायरीवर स्थिर उभा असतो. म्हणून त्यांचे बावीस आणि आपले बावीस या दोन वस्तू आहेत. आणि समजा आमच्याकडे होतेच, तर आमच्या मुलांच्या कानात ते का नाही? घरात कीबोर्ड आहे, तानपुरा नाही. मुलाने आयुष्यात ३८६ चा गंधार कधी ऐकलाच नसेल, तर वारशाच्या गोष्टी त्याने कशावर जोडाव्यात?

आपल्या या वस्तीतली कितीतरी मुले संगणकावर संगीत करतात. घरी आपण त्याला खटपट म्हणतो, फार तर परीक्षेनंतर कर म्हणतो. त्यातला एखादा मुलगा पट्ट्यांच्या मधला सूर लावून पाहतो आणि वडीलमंडळी म्हणतात, पेटी बिघडली का रे! हसण्यावारी जाते. पण त्यानंतर तो घरात काही ऐकवत नाही. त्याला हजारो मैलांवरची अनोळखी माणसे दाद देतात आणि शेजारच्या खोलीतले काका देत नाहीत. त्या अनोळखी माणसांचे उपकारच आहेत. पण ज्यांच्या कानात भीमपलासाचा कोमल गंधार मुरलेला आहे, त्यांनी त्याच्याशी चार वाक्ये बोलली, तर त्याच्या संगीताला जे मिळेल ते दूरचा माणूस देऊ शकणार नाही. आपली पिढी गेली की हे कान जातील. ध्वनिमुद्रणे राहतील, पण शेजारी बसून ‘हा जरा उतरव’ असे सांगणारे राहणार नाही.

म्हणून मंडळाला माझी एक छोटी विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ नव्या रचनांसाठी ठेवावी. रचना तीन मिनिटांहून लांब नसावी. संगणकावरची चालेल, गळ्यातली चालेल. सुरुवातीला पाच मिनिटे तानपुरा चालू ठेवून सगळ्यांनी गप्प बसावे. प्रत्येक रचना दोनदा ऐकावी. नंतर बोलणाऱ्याने आधी आवडलेली एक जागा सांगावी, मग खटकलेली एक. जुन्या गवयांशी तुलना त्या संध्याकाळपुरती बंद. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, ढालही नको. रचनाकाराने आपला स्वरसमूह लिहून मंडळाच्या वहीत ठेवावा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरा कोणी त्यातच काही करून पाहील.

पहिल्या महिन्याला कदाचित दोनच रचना येतील, आणि त्यातली एक कानाला फारशी रुचणार नाही. तरी ती दोनदा ऐकावी आणि करणाऱ्याला पुढच्या महिन्याचे आमंत्रण द्यावे. उत्सव संपला की कार्यकारिणीने पहिली तारीख ठरवावी. तानपुरा आणायचे काम माझ्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!