उडत्या सुरयांची छायाचित्रे

हुबळीच्या कमरीपेठेत राहणाऱ्या शाळामास्तराने समुद्रपक्ष्यांवर भाषण करावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आमच्या पेठेतून समुद्र दिसत नाही. दिसतात त्या मटणाच्या दुकानांवर घिरट्या घालणाऱ्या घारी. परंतु उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्याचा पहिला धडा मला या घारींनीच दिला. रविवारची मिस्सा आटोपली की मी गच्चीवर कॅमेरा घेऊन उभा राही आणि एका सकाळी शेदोनशे चित्रे घेई. त्यांपैकी बहुतेकांत घारीचे शेपूट तेवढे येई, उरलेल्यांत नुसते आकाश. पुढे उणकलच्या तळ्यावर बगळ्यांचा सराव झाला, हात जरा स्थिर झाला, आणि मग मन आजोळच्या समुद्राकडे धावू लागले.

माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. त्या बंदराच्या वायव्येस, निवतीच्या समोर खोल पाण्यात काही उघडे खडक आहेत. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात; इंग्रजी नकाशांत त्यांचे दुसरे नाव 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळालेली बेटे, असे आढळते. तेथे दीपगृह आहे, आणि एका गुहेत भारतीय पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. ही घरटी पूर्वेकडील देशांत सारासाठी मोठ्या किमतीस विकली जातात, म्हणून ती चोरणारेही या गुहेपर्यंत पोहोचले होते. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्या परिचयाचे असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. १८७५ साली लखदीवच्या सफरीत ते या खडकांवर येऊन गेले. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या व सुरय यांवर लेख लिहिला. तो १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सुरय म्हणजे लांब, टोकदार पंखांचा, बारीक चोचीचा आणि अंगाने कुरवाहून सडपातळ पक्षी. पावसाळ्याच्या तोंडाशी या खडकांवर त्यांची वीण होते. डोक्यावर काळा तुरा असलेला मोठा सुरय उघड्या कातळावर, शेजाऱ्याला जवळजवळ खेटून, बहुधा एकच अंडे घालतो. काळसर पाठीचा लगामी सुरय खडकाच्या कपारीत, सावलीत बसतो. उघड्यावर बसणाऱ्याचे काम अधिक कठीण. अंडे उबवणे म्हणजे ऊब देणे, अशी आपली समजूत असते. पण मे महिन्याच्या दुपारी आईबाप अंड्यावर बसतात ते त्यास सावली देण्यासाठी. सुरयांच्या काही जाती तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्याला गारवा देतात.

एवढे ज्ञान मला तेव्हा असते, तर पुढचा प्रसंग घडला नसता.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी होडीने तेथे गेलो आणि तांडेल नको म्हणत असताना खडकावर उतरलो. दहा पावले चाललो असेन, तोच सारा कातळ उठला. शेकडो पांढरे पंख, कर्कश कोलाहल, डोक्यावरून सपासप येणाऱ्या झडपा! मला वाटले, हाच तो क्षण. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा वेग लावून मी चित्रे घेत सुटलो. किती वेळ गेला याचे भान राहिले नाही. अर्धा तास तरी सहज गेला असेल. परत होडीत आलो तेव्हा तांडेल म्हणाला, "मास्तरानू, तुमचो फोटो झालो. त्येंच्या अंड्यांचा काय?"

मी हसून वेळ मारून नेली. मात्र होडी वळताना मागे पाहिले, तर दोन कावळे कातळावर उतरलेले होते.

त्यांतील एक चित्र फारच सुरेख उतरले. पंख पूर्ण ताणलेले, चोच उघडी, मागे निळे आकाश. ते चौकटीत बसवून मी शाळेत वर्गाच्या भिंतीवर लावले आणि वर्षभर शाबासकी घेतली. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा पक्षी ओरडतोय का?" प्रश्न साधाच होता. त्याचे खरे उत्तर 'होय, माझ्यावर ओरडतोय' असे होते. मी काहीतरी दुसरेच सांगितले. त्या संध्याकाळी ते चित्र उतरवून कपाटात ठेवले.

उडत्या पक्ष्याचे चित्र घेणे हा काही आजचा छंद नव्हे. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. तो एका सेकंदात बारा चित्रे घेई, आणि तो खांद्याला लावून मारे यांनी नेपल्सच्या किनाऱ्यावर कुरवांचे उड्डाण टिपले. ही बंदूक एकही पक्षी मारीत नसे. इंग्लंडातले कीर्टन बंधू तर पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात दडून बसत. या खटाटोपाला लोक हसले असतील. मला आता हसू येत नाही. आज आपल्या हातातील कॅमेरा मारे यांच्या बंदुकीहून कितीतरी वेगवान आहे, आणि त्यामुळेच मोह वाढला आहे. पक्षी उडत नसेल तर खडा मारून किंवा टाळी वाजवून त्याला उडविणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत. मी स्वतः खडा मारला नाही. पण माझ्या पावलांनी तेच काम केले.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. या वेळी तांडेलाला सांगितले की खडकाला लागायचे नाही. पक्षी उठू लागले तर होडी आणखी मागे घ्यायची. तो काही बोलला नाही, पण विडी पेटवून आरामात बसला, यावरून त्याचा राग गेला असावा असे मी समजलो.

होडीतून चित्र घेणे सोपे नाही. होडी हलते, खारे तुषार भिंगावर बसतात आणि दर घटकेला ते मऊ कापडाने टिपावे लागते. पांढरा पक्षी आणि लखलखते आकाश यांच्यामध्ये कॅमेऱ्याची गफलत होते. आकाश ठीक येते आणि पक्षी काळवंडतो. आकाश मागे असेल तेव्हा प्रकाश थोडा वाढवून घ्यावा लागतो. परंतु एक गोष्ट आपल्या बाजूची असते, ती म्हणजे वारा. सुरय वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी राहतील अशी होडी धरली, तर घरट्याकडे येणारा पक्षी आपल्याकडे तोंड करून, पंख पसरून, वेग कमी करीत येतो. त्याला भिवविण्याची गरजच उरत नाही. नुसते थांबावे लागते. आम्ही सकाळचे तीन तास थांबलो. पहिला तास तर मला मळमळण्यातच गेला.

नऊच्या सुमारास एक मोठा सुरय पाण्यावरून आला. चोचीत एक चंदेरी मासळी आडवी धरलेली. आमच्या होडीकडे त्याने पाहिलेही नाही. त्याची नजर खडकावर, आपल्या जागेवर होती. मी चार चित्रे घेतली. त्यांतील तीन हलली. चौथ्यात एका पंखाचे टोक कापले गेले आहे, पण डोळा स्वच्छ आहे आणि चोच मासळीवर घट्ट मिटलेली आहे.

वर्गाच्या भिंतीवर आता हे चित्र आहे. पूर्वीची मुलगी सातवीत गेली होती. तिने येऊन पाहिले आणि विचारले, "सर, मासा कुठला?" मला सांगता येईना. मी त्या चित्राची प्रत वेंगुर्ल्याला तांडेलाकडे धाडली. त्याने पत्राच्या उत्तरात एकच शब्द लिहून पाठविला : "पेडवो."