जोत्याखालचा वायू



शतकमहोत्सवी व्याख्यानासाठी मराठी शिकविणाऱ्या माणसाने संतकवींना सोडून एका वायूचा विषय निवडावा, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. त्याचे कारण माझा भाचा. तो न्यू जर्सीत असतो. घर घ्यायला निघाला तेव्हा त्याचा फोन आला, "मामा, घर पसंत आहे, पण तळघरात रेडॉन निघालाय. नऊ." मी विचारले, "नऊ काय?" माझे अज्ञान तिथे उघडे पडले, आणि पुढे विज्ञानविषयक पुस्तकांच्या कपाटापाशी बसून ते थोडेफार कमी झाले.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकांत आणि मातीत सर्वत्र अल्पस्वल्प युरेनियम असते. त्याच्या क्षयातून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. घराखालच्या मातीतून फरशीच्या भेगांतून, नळांच्या भोवतालच्या फटींतून आत शिरला आणि कोंडला गेला, की मात्र साचू लागतो. खरा घातक तो स्वतः नव्हे, त्याची संतती. पोलोनियमचे कण धुळीला चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथील नाजूक पेशींवर अल्फा कणांचा मारा करतात. त्यातून वर्षानुवर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो.

जर्मनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांना जडणारा छातीचा विकार हा फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ मध्ये ओळखले गेले. रेडॉनचा शोध लागण्यापूर्वी दोन दशके. पण घराघरांत हा वायू असू शकतो, हे जगाच्या ध्यानात आले ते एका विलक्षण प्रसंगाने. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातील एका अणुविद्युत केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस कामावर आत शिरतानाच किरणोत्सर्गाची घंटा वाजवू लागले. केंद्र तर अद्याप चालूच झाले नव्हते! शोध घेता दोष त्यांच्या घरात सापडला. तेथे दर घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेकरेल इतका रेडॉन होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेली मर्यादा १०० बेकरेलची आहे. ती शक्य नसेल तेथे ३०० च्या वर जाऊ नये, असे तिचे म्हणणे. भाच्याचे 'नऊ' हे अमेरिकी एककातले, म्हणजे सुमारे ३३३ बेकरेल. तिकडे चारच्या वर आकडा गेला की उपाय करावयास सांगतात.

उपाय ऐकून मला नवल वाटले, कारण तो अगदी गवंड्याच्या अकलेचा आहे. फरशीला भोक पाडून खालच्या खडीत नळ घालायचा, त्याला पंखा जोडायचा आणि खालची हवा छपरावर नेऊन सोडायची. भेगा बुजवायच्या त्या त्यानंतर. नुसत्या बुजवून भागत नाही. थंडीत तापलेले घर चुलीच्या धुराड्यासारखे जमिनीतली हवा वर ओढत राहते. नळ बसविल्यावर भाच्याचा आकडा दीडवर आला.

आता आपल्या उधन्याकडे वळू. आपल्या पायांखाली तापीने आपल्याच खानदेशातून वाहून आणलेला गाळ आहे. काळ्या बेसाल्टात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असते. शिवाय आपली घरे वर्षभर बहुधा उघडी. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. न मोजता घाबरणे काय असते, ते या शहराने १९९४ च्या सप्टेंबरात पाहिले आहे. प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून गेली, दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले, आणि खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. पण मातीवरून केलेला अंदाज म्हणजे मोजणी नव्हे. तळमजल्याच्या खोल्यांत आता वातानुकूलन यंत्रे आली आहेत, काचा दिवसरात्र बंद राहतात. तिथे सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, फरशीच्या भेगा बुजवाव्यात. शंका असेल तर तीन महिने खोलीत ठेवावयाच्या प्लास्टिकच्या फितीने मोजणी होते. अल्फा कणांचे ठसे तीवर उमटतात.

आणि बिडी. युरोपातील तेरा अभ्यासांचे २००५ मधील एकत्रित विश्लेषण सांगते की, दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोकाच ज्याचा मोठा, त्याची ही वाढही मोठी. न ओढणाऱ्याच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यास रेडॉनपासूनचा धोका सुमारे पंचवीसपट असतो. आपल्या वस्तीत रेडॉनची चर्चा करावयाची तर बिडी विझवूनच करावी लागेल.

आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यासाठी एक सांगतो. तिकडे गेल्यावर आईवडिलांची सोय पुष्कळदा तळघरातील खोलीत होते. चार-सहा महिन्यांच्या मुक्कामाने बिघडत नाही. हा हिशेब वर्षांचा आहे. पण २०२० पासून पुष्कळ मुलांची कचेरीही त्याच तळघरात गेली, आणि दिवसाचे आठ-दहा तास ती तेथे बसतात. पुढच्या फोनवर जेवणाखाणाची चौकशी झाली की, घराचा आकडा किती, तेवढे विचारून घ्या.