अडकित्त्यावरचा मोर



वस्तू दिसायला देखणी हवी की कामाला चोख, हा वाद डिझाइन शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी गाठतो. त्यांनी पुण्याला शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी दिवे, वज्री, कुंकवाचे करंडे अशा घरच्याच वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यातले अडकित्ते मला सर्वांत आवडतात.

अडकित्ता नीट बघा. सुपारी धरायची ती खिळ्याजवळ, आणि हाताचा दाब पडतो लांब दांड्यांच्या टोकाशी. म्हणूनच टणक सुपारीही फार जोर न लावता फुटते. पातं पोलादी, धारदार आणि कोरं. तिथे नक्षीचं एक बोटही उमटलेलं नाही. मोर, पोपट, घोडा हे सगळे बसलेत पात्याच्या पाठीवर, बाहेरच्या अंगाला. दांड्याच्या टोकाचं गोल बोंड शोभेचं खरंच, पण त्यामुळे पकड सुटत नाही. काही अडकित्ते मात्र निव्वळ मिरवायचे, नक्षी थेट तळहाताला टोचेल असे. कितीही नाजूक काम असो, मी त्यांना पास करणार नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने 1958 साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या इतक्या वस्तूंमधून त्यांनी गौरवला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. पाणी किती मावतं, कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कुठे जातो, धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी मांडले. तांब्याचं रूप याच प्रश्नांना उत्तरं देत पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलं.

आता आमच्या घरातली स्टीलची बाटली. रंग झकास, अंग सडपातळ, आणि तोंड असं की दोन बोटं जेमतेम आत जातात. तळाशी बुळबुळीत थर धरतो. तो काढायला लांब दांड्याचा ब्रश वेगळा विकत आणावा लागतो. हिला सुंदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा पुढची बाटली घेताना दुकानातच झाकण उघडा आणि आत हात घालून बघा. दुकानदार चमकून पाहील. पाहू द्या.