‘ॲसिटॅब्युलम’ या शब्दाविषयी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती दिलेल्या अहवालात आहेच. त्याची उजळणी करून आपला वेळ घेत नाही. आज एकाच शब्दाविषयी बोलण्याची अनुमती असावी. तो शब्द म्हणजे ‘ॲसिटॅब्युलम’. अस्थिरोग विभागाच्या तपासणी अहवालात, खर्चाच्या अंदाजपत्रकात आणि संमतिपत्रात तो येतो, आणि तो कागद हाती घेऊन नातेवाईक आमच्या खिडकीपाशी विचारतात, “साहेब, नक्की मोडलंय तरी काय?” आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकीय सल्ला देणे हे आमचे काम नव्हे. परंतु ज्या कागदावर आपण सही घेतो, त्यातील शब्दाचा अर्थ कळेल अशी व्यवस्था करणे हे प्रशासनाचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील ज्या खोलगट खोबणीत बसतो, ती खोबण म्हणजे ॲसिटॅब्युलम. शब्द लॅटिन आहे. ‘ॲसिटम’ म्हणजे शिरका, आपण ज्याला व्हिनेगर म्हणतो तो. आणि तो ठेवण्याची रोमन लोकांच्या ताटाजवळची लहान वाटी ती ॲसिटॅब्युलम. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने हा शब्द खुब्याच्या खोबणीसाठीही वापरला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘उलूखल’, म्हणजे आपले उखळ. आणि त्याची स्थाने काख, जांघ व दात अशी दिली आहेत. रोमन माणसास वाटी दिसली, आपल्या आचार्यांस उखळ. आम्हांस उखळ अधिक पटते. वाटीत पदार्थ नुसता राहतो. उखळात मुसळ हलते, आणि खुब्याचे काम तर हलण्याचेच आहे.

मग मराठीत सरळ ‘वाटी’ म्हणावे काय? तसे म्हटले की घोटाळा होतो. मराठी माणसाच्या बोलण्यात वाटी असते ती गुडघ्याची. “वाटी फुटली आहे” असे ऐकले की घरचे गुडघ्याकडे पाहू लागतात. मोटारीच्या समोरासमोरच्या धडकेत तर ही गफलत आणखी वाढते. गुडघा पुढच्या फळीवर आदळतो आणि तो आघात मांडीच्या हाडातून मागे जाऊन खुब्याची खोबण फोडतो. मुका मार दिसतो गुडघ्याला, मोडलेले असते वर.

दुसरा घोटाळा ‘खुबा मोडला’ या शब्दप्रयोगाचा, आणि तो अधिक महागात पडतो. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आजींचा बहुधा मांडीच्या हाडाचा वरचा भाग मोडतो. तो माथ्याखालच्या मानेत मोडला, तर माथ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो. म्हणून उतारवयात पुष्कळदा माथा काढून धातूचा बसवतात. अपघातात सापडलेल्या तरुणाची मात्र अनेकदा खोबण फुटते. तेथे काही बदलण्यापेक्षा तुकडे जुळवून पट्ट्या व स्क्रू यांनी धरून ठेवणे हा मुख्य उपाय असतो. तुकडे हललेले नसतील तर शस्त्रक्रियेवाचूनही भागते. पण हललेले असून तसेच राहिले, तर खोबणीचा गुळगुळीतपणा जातो आणि पुढे सांधा झिजतो. जुदे आणि लेतूर्नेल या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९६४ साली या अस्थिभंगांची जी वर्गवारी मांडली, ती आजही वापरात आहे.

या कामी दिवसांना फार किंमत आहे. दोन-तीन आठवडे उलटले की तुकडे मूळ जागी आणणे कठीण होत जाते. नात्यातल्या कुणाच्या आजीचा ‘खुबा’ बसवला होता, त्यांना काय खर्च आला, हे विचारण्यात आणि हाडवैद्याकडे फेऱ्या घालण्यात हेच दिवस जातात. शब्द एक, दुखणी दोन. रुग्ण साहाय्य निधीतील रक्कम मंजूर करतानाही आम्हांस नेमके दुखणे ठाऊक असावे लागते, कारण दोन्हींचे साहित्य निराळे आणि खर्चही निराळा.

जाता जाता लहान मुलांविषयी. ही खोबण तीन हाडांची मिळून होते आणि ती हाडे वयात येण्याच्या सुमारास एकजीव होतात. काही बालकांत ती जन्मतः उथळ असते. लवकर ध्यानात आल्यास पट्ट्यांच्या साह्याने पाय फाकवून ठेवल्याने पुष्कळदा सुधारते. बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळण्याची पद्धत या सांध्याला अपायकारक आहे. कडेवर घेण्याची आपली रीत मात्र उत्तम, कारण तेथे पाय आपोआप फाकलेले राहतात.

विश्वस्त मंडळापुढे आमची विनंती अशी आहे की, यापुढे अंदाजपत्रकावर व संमतिपत्रावर ‘ॲसिटॅब्युलम’ या शब्दाखाली ‘खुब्याची खोबण’ असे मराठीत छापावे, शेजारी कमरेच्या हाडाचे लहानसे चित्र असावे, आणि डॉक्टरांनी त्यावर मोडलेल्या जागी पेनाने खूण केल्यानंतरच नातेवाइकांची सही घेण्यात यावी. छपाईचा खर्च लेखनसामग्रीच्या चालू तरतुदीतच बसतो.