सोडलेली टीम आणि उघडं राहिलेलं दार

बेगडेवाडीहून बोलतोय. मध्येच गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आमच्या स्टेशनवर लोकल तेवढी थांबते, बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत निघून जातात.

आजचा विषय आमच्या घरातच निघाला. मी नोकरी बदलतोय. बीटेक झाल्यापासून सहा वर्षांत ही चौथी कंपनी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आता एका जागी बूड टेकव. लग्नाचं बघायला गेलं की लोक म्हणतात, मुलगा कुठे टिकत नाही." मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आज दोन खेळाडूंची गोष्ट सांगतो. दोघंही टीम बदलत राहिले.

पहिल्याचं नाव जरा अवघड आहे, शारुनास यासिकेविचियुस. युरोपातल्या लिथुआनियाचा, कौनास शहरातला, जन्म १९७६. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड. बॉल पुढे आणायचा, कोणती चाल खेळायची ते ठरवायचं, कुणाला पास कुठे हवा ते ओळखायचं, हे गार्डचं काम. म्हणजे टीम बदलली की चार नव्या माणसांच्या सवयी पहिल्यापासून शिकायच्या.

आणि यानं टीम किती बदलल्या? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठानंतर विल्नियसचा रितास, स्लोव्हेनियाचा ऑलिम्पिया, बार्सिलोना, तेल अवीवचा मकाबी. मग एनबीएमध्ये इंडियाना आणि गोल्डन स्टेट. तिथे दोन सीझन काढले, पण जम बसला नाही. परत युरोप. अथेन्सचा पानाथिनायकोस, इस्तंबूलचा फेनरबाहचे, आणि शेवटी आपल्या गावचा झाल्गिरिस. काही क्लबांकडे तर दोनदा गेला.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सेमीफायनलला समोर अमेरिका. शेवटचा थ्री-पॉइंटर याच्या हातात होता. तो चुकला आणि लिथुआनिया ८५-८३ नं हरली. चार वर्षांनी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये साखळी सामन्यात पुन्हा अमेरिका. या वेळी यानं २८ पॉइंट केले आणि लिथुआनिया ९४-९० नं जिंकली. युरोलीग म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा. ती यानं चार वेळा जिंकली, तीन वेगवेगळ्या क्लबांकडून.

दुसरा माणूस आपला. अमोल मुजुमदार. खेळ वेगळा, क्रिकेट. पण आपल्याकडे या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारा मला तोच वाटतो.

१९९४ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे कारकिर्दीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. आणि भारताकडून सामने किती? एकही नाही. त्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. जागाच नव्हती.

२००६-०७ च्या रणजीत मुजुमदार मुंबईचा कॅप्टन. पहिले तिन्ही सामने हरले आणि तरी त्या वर्षी रणजी करंडक मुंबईनंच जिंकला. २००९ मध्ये मात्र त्यानं मुंबई सोडली. आधी आसाम, मग आंध्र. मुंबईचा माणूस आसामकडून खेळतोय म्हटल्यावर आपण काय म्हणतो? "संपला." माझ्या आईच्या भाषेत, "टिकला नाही."

आता खरी गंमत ऐका. यासिकेविचियुस २०१४ नंतर कोचिंगकडे वळला. हेड कोच म्हणून गेला कुठे? २०१६ मध्ये झाल्गिरिस, २०२० मध्ये बार्सिलोना, २०२३ मध्ये फेनरबाहचे. तिन्ही त्याचे जुने क्लब! आणि मुजुमदार? राजस्थान रॉयल्सचा बॅटिंग कोच झाला, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांसोबत होता. आणि २०२१ मध्ये हेड कोच म्हणून परत आला तो मुंबईकडेच. जी टीम सोडली, तिनंच पुन्हा बोलावलं.

२०२५ मध्ये काय झालं, ते तुम्हाला अर्धं माहीतच आहे. मे महिन्यात फेनरबाहचेनं युरोलीग जिंकली. २ नोव्हेंबरला, एक्स्प्रेसवेनं घाट उतरलं की लागणाऱ्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. हेड कोच अमोल मुजुमदार. त्या स्पर्धेतही मध्ये सलग तीन सामने हरलो होतो. अशी तीन हारांनंतरची ड्रेसिंग रूम त्यानं कॅप्टन म्हणून आधीच पाहिली होती. आणि फायनलला समोर कोण? दक्षिण आफ्रिका.

थांबा, मी उगाच गोड करून सांगत नाहीये. इकडून तिकडे फिरणारे शेकडो खेळाडू असतात, नंतर त्यांचं नावही कुणी घेत नाही. नुसतं फिरून ट्रॉफी मिळत नाही. पण प्रत्येक ठिकाणी माणूस काहीतरी शिकत असतो, आणि तिथले लोक त्यालाही बघत असतात. त्याला परत बोलवायचं की नाही, ते त्यावरच ठरतं.

आणि इथे मला माझीच लाज वाटते. पहिली कंपनी सोडताना नोटीस पीरियडचे शेवटचे पंधरा दिवस मी नुसते काढले. हँडओव्हरच्या नावानं चार ओळींचा मेल टाकला. माझ्यामागून आलेला पोरगा रात्री फोन करायचा, मी उचलायचो नाही. दोन वर्षांनी तिथे माझ्यासारखीच जागा निघाली. जुन्या टीम लीडला मेसेज केला. ब्लू टिक आली, उत्तर आलं नाही. चूक माझीच होती.

सध्या माझा नोटीस पीरियड चालू आहे. या वेळी रोज एक तास नव्या मुलीबरोबर बसतोय. कोड कुठे अडतो, क्लायंट कशावर चिडतो, सगळं लिहून देतोय. काल ती म्हणाली, "दादा, गेल्यावर फोन केला तर चालेल ना?" म्हटलं, "कधीही कर."

आईला मी एवढंच सांगितलं, "किती ठिकाणी टिकलो ते मोजू नकोस. किती ठिकाणी परत जाऊ शकतो ते विचार." ती म्हणाली, "बरं, मग सांग, किती?"

खरं सांगू? आत्ता तरी एकच. तेही अजून पक्कं नाही, अकरा दिवस बाकी आहेत.

तुम्ही मागे सोडलेल्या किती ठिकाणी परत जाऊ शकाल? मोजून बघा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. माझी लोकल आली!