डोंगरावरचें ट्यूलिप

ट्यूलिप म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें हॉलंड उभें राहतें. पण हॉलंड हें या फुलाचें सासर आहे. माहेर आहे इराण, अफगाणिस्तान व मध्य आशिया येथील पर्वतांत. बाबर बादशहानें काबूलच्या आसपासच्या डोंगरांतील ट्यूलिपचे प्रकार मोजविले होते. ते बत्तीस किंवा तेहतीस भरले, असें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविलें आहे. त्या माहेरच्या एका रानटी जातीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. शास्त्रांत तिला ट्यूलिपा क्लूसियाना म्हणतात. इराणपासून अफगाणिस्तानमार्गें पश्चिम हिमालयापर्यंत ती आढळते. म्हणजे आपल्या काश्मीरलाही ती परकी नाहीं.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मास्तरकी केली. या फुलाची ओळख मला एका चुकीमुळें झाली. ती चूक पुढें सांगेनच. आधीं फूल पाहूं.

झाड जेमतेम फूटभर उंच. पानें अरुंद, राखी हिरवीं. फुलाला सहा पाकळ्या, तीन बाहेर व तीन आंत. बाहेरच्या तिन्ही पाकळ्यांची पाठ लालभडक व कडा पांढऱ्या. आंतून मात्र सगळें फूल पांढरें आणि तळाशीं गर्द जांभळा डाग. सायंकाळीं तें मिटतें, तेव्हां लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या साखरेच्या कांडीसारखें दिसतें. सकाळीं उन्हांत उघडतें, तेव्हां चांदणी होते. या उघडमिटीचें कारण उष्णतेंत आहे. उबेनें पाकळीची आंतली बाजू अधिक वेगानें वाढते आणि फूल उमलतें; थंडीनें बाहेरची बाजू वाढते आणि तें मिटतें. अशा रीतीनें दर उघडमिटीबरोबर पाकळी थोडी थोडी लांबत जाते.

या जातीचे पोटभेदही मनोहर आहेत. क्रिसांथा नांवाच्या प्रकाराची आंतली बाजू पांढरीऐवजीं सोनपिवळी असते, आणि तळाशीं जांभळा डाग नसतो. स्टेलाटा हा प्रकार पांढराच, पण त्याचा तळ पिवळा. हिमालयाच्या बाजूस आढळतो तो हाच. बागवानांनीं यांपासून पुढें 'लेडी जेन', 'सिंथिया' यांसारखे प्रकार काढले. 'लेडी जेन' गुलाबी-पांढरें, तर 'सिंथिया' फिक्या पिवळ्यावर तांबूस छटेचें.

क्लूसियाना हें नांव कॅरोलस क्लूसियस या पंडितावरून पडलें. 1593 सालीं तो हॉलंडांतील लायडन विद्यापीठांत आला. त्यानें लावलेले ट्यूलिप 1594 च्या वसंतांत फुलले. त्याच्या बागेंतून कांदे चोरीस गेले, असें सांगतात. पुढें त्या देशाला ट्यूलिपचें वेडच लागलें. पट्टे उमटलेल्या एकेका कांद्यासाठीं लोकांनीं अतोनात पैसा ओतला, आणि फेब्रुवारी 1637 मध्यें तो बाजार एकाएकीं कोसळला. ज्या पट्ट्यांसाठीं हें सारें झालें, ते काय होते? तो एक रोग होता! इंग्लंडांत डोरोथी केली या विदुषीनें 1928 सालीं दाखवून दिलें कीं, हा रंगभेद एका झाडापासून दुसऱ्यास लागण झाल्यानें होतो. त्याचा विषाणू मावा किडा पसरवितो, आणि त्यानें कांदा पिढ्यानुपिढ्या क्षीण होत जातो. उलट आमच्या क्लूसियानाचे पट्टे जातिवंत आरोग्याचे आहेत. कोणी दाम न देतां ते दर वसंतांत डोंगरावर उमटतात.

आतां माझी चूक. माझा एक विद्यार्थी होता. शाळेंत तो कधीं बोलत नसे. मीं त्याला मंद समजून रोज शाळा सुटल्यावर बसवून घेई व पाठांतर करवून घेई. शेवटीं कंटाळून त्यानें शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनीं तो नोकरीनिमित्त काश्मिरांत गेला. एका जून महिन्यांत रजेवर आला असतां माझ्याकडे आला, आणि नांगरटींत वर आलेले क्लूसियानाचे चार कांदे माझ्या हातांत ठेवून म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासाठीं."

मला केवढा आनंद झाला! पहिल्या पावसाबरोबर मीं ते कुंडींत लाविले. आपली कळलावी पावसाळ्यांत जमिनींतून वर येते. हाही कंदच, तसाच वर येईल असें मला वाटलें. पाऊस उघडला कीं मी स्वतः पाणी घालीत असें. गणेशचतुर्थीच्या सुमारास कुंडी उकरून पाहिली, तों चारही कांदे सडून गेलेले.

त्याला पत्र लिहून कळविलें. उत्तर आलें: "गुरुजी, त्यांना पाणी नको होतें."

खरोखरच नको होतें. या डोंगरी कांद्याचें पंचांग आपल्या उलट आहे. हिंवाळ्याची थंडी मिळाल्याखेरीज त्याचें फूल नीट वर येत नाहीं. वसंतांत बर्फाच्या पाण्यावर तें भराभर फुलतें. आणि उन्हाळा लागला कीं पानें वाळवून कांदा कोरड्या, तापलेल्या मातींत निजून राहतो. त्या कोरड्या झोंपेंतच पुढल्या वर्षाचें फूल त्याच्या पोटांत घडत असतें. शिवाय जमिनीखालीं तो एक दांडा सोडून त्याच्या टोकाशीं दूर नवा कांदा धरतो. युरोपांत रूढ झालेल्या प्रकारांत गुणसूत्रांचे दोनांऐवजीं पांच संच असल्यानें त्यास बीज धरत नाहीं. तरीही या दांड्यांच्या बळावर तो दक्षिण युरोपांतील शेतांतून व द्राक्षमळ्यांतून आपोआप पसरला आहे.

श्रोतेहो, श्रीनगरास झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं ट्यूलिपची भव्य बाग आहे. वसंतांत तेथें गेलांत तर ती अवश्य पाहा. पण शेताच्या बांधावर फूटभर उंचीचें एखादें लाल-पांढरें फूल दिसलें, तर त्याचा कांदा मात्र उकरूं नका. तें जेथें आहे तेथेंच त्याचें सगळें आहे.

मीं ती कुंडी रिकामीच ठेविली आहे. आणि त्या विद्यार्थ्याला दुसरें पत्र लिहिलें. त्यांत फुलांविषयीं कांहीं नव्हतें. शाळा सुटल्यावर त्याला बसवून घेतलेल्या त्या सायंकाळांबद्दल मीं त्याची क्षमा मागितली होती.