विझलेली दीपमाळ

वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. रामनवमीस तेथें बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. अशा यात्रेंत एखाद्या दुकानावर तंतूच्या बारीक दिव्यांची माळ लावावी आणि ती एकाएकीं विझावी. वीज गेली असें दुकानदारास वाटतें. पण शेजारचे दिवे तर जळत असतात!

अशा माळेची जोडणी एकसर असते. म्हणजे एका दिव्यांतून निघालेला प्रवाह दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातो. त्यास दुसरी वाट नाहीं. पूर्वीं बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदेशीं जात. अरुंद घाटांतून एकामागें एक चालणारी ती रांग डोळ्यांपुढें आणावी. तिची चाल सर्वत्र एकच असते. आणि एक बैल अडला कीं सारी रांग थांबते. प्रवाहाचेंहि असेंच आहे. पहिल्या दिव्यांत तो अधिक व शेवटच्या दिव्यांत कमी, असें कधीं होत नाहीं.

वांटणी होते ती दाबाची. माळेंत ४६ दिवे असून पेटलेल्या प्रत्येक दिव्याचा रोध २५ ओहम आहे असें धरूं. एकसर जोडणींत रोधांची बेरीज होते. एकूण रोध ११५० ओहम झाला. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें २३० व्होल्ट दाबास ११५० नें भागिलें कीं ०.२ अँपिअर प्रवाह निघतो, आणि प्रत्येक दिव्याच्या वांट्यास ५ व्होल्ट येतात. सहा दिवे जळाले म्हणून कोणी तेथील तारा पिळून जोडल्या, तर उरलेल्या ४० दिव्यांस प्रत्येकीं पावणेसहा व्होल्ट झेलावे लागतात. ते अधिक तापून लौकर जळतात.

आतां एकाच दिव्याचा तंतु तुटला असें समजूं. प्रवाह थांबला, त्याबरोबर इतर ४५ दिव्यांवरील दाबहि सरला. परंतु तो नाहींसा झाला नाहीं. सगळे २३० व्होल्ट त्या तुटलेल्या जागीं येऊन उभे राहतात! जेथें जळतांना अवघे ५ व्होल्ट होते, तेथेंच आतां पूर्ण दाब असतो. रिकाम्या होल्डरांत बोट घालणाराचें शरीर तुटलेली वाट पुरी करतें. आणि थंड तंतूंचा रोध इतका अल्प असतो कीं त्यांच्यामुळें जीव वांचेल अशी आशा धरतां येत नाहीं.

म्हणून माळ विझली म्हणजे वीज गेली असें समजूं नये. नुसतें बटण बंद करूनहि भागत नाहीं. तें चुकीच्या तारेवर बसविलेलें असूं शकतें. आधीं प्लग काढावा, मगच माळेस हात लावावा.